दूरचा खिळा

१२ मे, सोमवार

ही वही माझ्या हौसेची नाही. प्रॉव्हिडन्स शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची तारीख दहा जूनची मिळाली आणि त्यांच्या ऑफिसातल्या मुलीनं फोनवर बजावलं, की तोवर रोज लिहून ठेवायचं. हात केव्हा थरथरतो, किती वेळ, आधी काय खाल्लं, काय करत होतो. तर घ्या. आज सकाळी सात वाजता, उजवा हात, कॉफीचा कप उचलताना. निम्मी कॉफी बशीत, थोडी पायजम्यावर. खाल्लं काहीच नव्हतं.

सोबत पोस्टानं छापील फॉर्म आलाय. ‘थरथरीमुळे कोणती कामं सोडावी लागली?’ मी लिहिलं, कोणतंही नाही. ‘घरी मदतीला कोणी आहे का?’ लिहिलं, लागत नाही. खाली सही केली. ती सही बँकेत दाखवली असती तर त्यांनी मला बाहेर काढलं असतं. फॉर्म गळाच्या पेटीत अगदी खालच्या कप्प्यात ठेवलाय, कारण ती पेटी या घरात माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

बायकोला, देओलिंडाला, सांगितलेलं नाही. आमच्या बाबांचंही हातापासूनच सुरू झालं होतं. मग पाय ओढायला लागले, मग डोकं गेलं. शेवटी शेवटी रोज सकाळी टेबलावर आईसाठी दुसरा कप मांडायचे. आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. देओलिंडा तो कप न बोलता उचलून ठेवायची. सहा वर्षं तिनं त्यांचं सगळं केलं, स्वतःच्या बापाचं कोणी करणार नाही असं. तेच तिला पुन्हा माझ्यासाठी करावं लागलं तर, एवढा एकच विचार डोक्यात फिरतोय. बाकी मरायची मला फारशी भीती वाटत नाही.

१५ मे, गुरुवार

पट्टेरी बास मासे नदीत शिरलेत. चेट पिमेंटेलच्या आमिषाच्या दुकानात हीच चर्चा. म्हणून आज लीडर, म्हणजे दोरी आणि गळ यांच्यामधले नायलॉनचे तुकडे, बांधायला बसलो.

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर तीन खिळे आहेत. दाराजवळ एक, तिथून सुरुवात करायची. त्याच्यापासून सहा फुटांवर जवळचा खिळा, पंधरा फुटांवर दूरचा. दूरचा खिळा माझ्या भावानं, अदेलिनोनं ठोकलेला. त्याचं म्हणणं असं, की मासा शहाणा असतो, शिसं भरलेली जाड रंगीत दोरी त्याला दिसली की तो तोंड फिरवतो. म्हणून तिच्यापुढे पारदर्शक नायलॉनचा लीडर जितका लांब तितका चांगला. पण लीडरच्या सुरुवातीला, दोरीला पीळ पडू नये म्हणून, धातूची फिरकी असते आणि ती काठीच्या टोकातून आत येत नाही. पंधरा फुटी लीडर असला की रीळ फिरवून फिरवून फिरकी टोकाला अडकते आणि मासा अजून पंधरा फूट लांबच असतो. मग दुसऱ्या माणसानं लीडर हातात धरून मासा बोटीशी आणायचा. आम्ही तीस वर्षं तसंच केलं. मी रीळ फिरवायचो, तो लीडर ओढायचा आणि मला शिव्या द्यायचा.

गेल्या ऑक्टोबरात अदेलिनो गेला. त्याला पुरून आलो त्याच आठवड्यात मी सहा फुटांवर जवळचा खिळा ठोकला. सहा फुटी लीडर एकट्या माणसाला आवरतो. देओलिंडाला बोट लागते, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता.

आज सहा लीडर बांधायला दोन तास लागले. पूर्वी तेवढ्या वेळात मी वीस बांधून दाढी करून आलो असतो. नायलॉनचं टोक फिरकीच्या डोळ्यात नवव्या खेपेला गेलं. पाच वेढे घ्यायचे, टोक मागे आणायचं, थुंकी लावायची आणि हळूहळू आवळायचं. ते ‘हळूहळू’च जमत नाही. हात मध्येच हिसका देतो.

१८ मे, रविवार

मोठा मासा गेला. पहाटेची प्रार्थना उरकून निघालो, ओहोटी लागली होती, खडकांच्या कडेनं चालण्याच्या वेगानं बोट नेत होतो. मागे लाल रबरी नळी, तिच्या टोकाच्या गळात समुद्री किडा. काठी अशी वाकली की मला वाटलं खडकात अडकलं. मग खडक चालायला लागला. दोन मिनिटं मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो आणि मग दोरी सैल पडली.

लीडरचं टोक वर आलं ते डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं. दातानं तुटलं तर टोक स्वच्छ असतं, खडकानं कापलं तर झिजलेलं असतं. वळलेलं टोक म्हणजे गाठ सुटली. म्हणजे मी.

घरी देओलिंडानं विचारलं तर म्हणालो, खडकानं कापलं. तिनं बेसिनमध्ये पडलेला लीडर उचलला, ते वळलेलं टोक दोन बोटांत धरून जरा वेळ बघितलं आणि कचऱ्यात टाकलं. म्हणाली, “खडक फारच वाईट आहेत यंदा.” मग केलच्या पाल्याचं सूप वाढलं. तिला त्यातलं काय कळणार म्हणा.

२० मे, मंगळवार

सकाळी साडेआठ, उजवा हात, दाढी करताना. गालावर दोन ठिकाणी कापलं.

दुपारी पुन्हा सहा लीडर बांधले. जवळच्या खिळ्यापर्यंत. गाठी बघवत नाहीत. एकेकाळी पडद्यांच्या कारखान्यात मी तीनशे शिलाई मशीनं सुरू ठेवायचो, त्यातलं एक देओलिंडाचं होतं. ते सारखं बिघडायचं. लग्नानंतर तिनं कबूल केलं की ती मुद्दाम बॉबिन वाकडं बसवायची. हे हात तेव्हा कामाचे होते.

लीडर पिशव्यांत भरून पेटीत ठेवले. आठवड्याच्या शेवटी वारा कमी असेल म्हणतात.

२४ मे, शनिवार

हे कसं लिहू ते कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सहाला पाण्यात होतो. पेटीतून एक पिशवी काढली, लीडर जोडला, सोडला. पहिली गोष्ट म्हणजे गाठ झकास होती. वेढे एकाला एक लागून, टोक बेताचं कापलेलं, वर कसलीशी चमक. मला वाटलं, नॉर्बर्ट, तू उगाच घाबरतोस. हात बांधताना ठीक असतो, तुझी नजर वाईट बघते.

तासाभरानं मासा लागला. बरा होता, तीस इंचाच्या आसपास. आत आणत आणत आलो आणि फिरकी काठीच्या टोकाला खटकन अडकली. मासा अजून पार तिकडे. मला आधी समजेचना. रीळ फिरवतोय, काही होत नाही. मग काठी खोबणीत खोचली आणि हातानं लीडर ओढला. ओला नायलॉन थरथरत्या हातात कसा टिकणार? तळवा कापला, मासा बोटीखाली गेला आणि तोंडातला गळ हिसडून निघून गेला. गाठ मात्र जशीच्या तशी.

उरलेल्या पिशव्या उघडल्या. सगळे पंधरा फुटी. सहाच्या सहा मी दूरच्या खिळ्यापर्यंत मोजले होते. अदेलिनोच्या मापाचे.

म्हणजे मंगळवारी त्या गॅरेजमध्ये उभा राहून मी विसरलो की माझा भाऊ मेलाय. बाबांचा कप आठवला. बोटीचं इंजिन बंद करून किती वेळ बसलो ते माहीत नाही. वाहत वाहत पुलापर्यंत गेलो होतो.

२५ मे, रविवार

काल देओलिंडानं हाताला पट्टी बांधली. तिच्याही अंगठ्याला पट्टी होती, बटाटे सोलताना कापलं म्हणे. म्हणाली, “कसं गेलं रे आज? काही वेगळं वाटलं का?” मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच. ती माझ्याकडे बघत राहिली, मी पाव खात राहिलो. आपल्याला खोटं बोलता येतं हे बघून बरं वाटलं, एवढं तरी शाबूत आहे.

आज परीक्षा घ्यायची ठरवली. दुपारी चार वाजता तीन लीडर. मोठ्यानं म्हणत म्हणत बांधले: जवळचा खिळा, जवळचा खिळा, जवळचा खिळा. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल तर ऐको. इथे लिहून ठेवतो. तीन लीडर, सहा फूट, पंचवीस मे, दुपारी चार. शुद्धीत. सही, नॉर्बर्ट रेझेंडिस.

२८ मे, बुधवार

तिन्ही पंधरा फुटी.

धक्क्यावरच उघडून बघितले, पाण्यात गेलोच नाही. पेटी तशीच घेऊन परत आलो. वहीत एक लिहिलंय आणि हातानं दुसरंच केलंय. की वहीत लिहिलं तेच स्वप्नात? कोणी बदलले म्हणावं तर कोणी? गॅरेजमध्ये देओलिंडा येते ती फक्त मोठ्या फ्रीझरमधून काही काढायला, आणि किड्यांच्या वासानं नाक धरून जाते. या घरात वेडं होण्यासारखं दुसरं कोणी नाही.

फ्रीझरवर नेलपॉलिशची बाटली पडलीय, बिनरंगाची. ईस्टरला आली होती तेव्हा क्लारिस विसरली असणार. आमच्या पोरीला कुठे काय ठेवलं ते कधीच आठवत नाही. ते माझ्याकडूनच गेलं असेल.

३ जून, मंगळवार

पाच दिवस काही लिहिलं नाही. दुपारचं जेवण: लिंग्विसा सॉसेज, अंडी, बटाटे. हात: वाईट.

चेटकडे गेलो. पन्नास पौंडी नायलॉनचं रीळ मागितलं. चेट म्हणाला, “अजून एक? गेल्याच आठवड्यात तुझ्या घरी एक गेलं की. खातोस काय ते?” मी हसलो. असं हसलो की जणू मीच सांगायला विसरलो होतो. मला ते रीळ नेल्याचं काहीही आठवत नाही. कोणी नेलं, हे विचारायची छाती झाली नाही, कारण त्यानं ‘तूच’ म्हटलं असतं तर मी तिथेच खाली बसलो असतो.

घरी येऊन पाहिलं. नवं रीळ खरंच होतं, जुन्याच्या मागे.

७ जून, शनिवार

देओलिंडा जेवताना म्हणाली, “एकट्याला जमतं का रे अजून?” मी तिच्यावर खेकसलो, की मी काय कुकुल्लं बाळ आहे का. तिनं ताट उचललं. मग दारातून म्हणाली, “तुला मला काही सांगायचंय का नॉर्बी? ओरडायचं असेल तरी ओरड.” मी म्हटलं, कशाला ओरडू? ती म्हणाली, “बरं.” आणि भांडी जरा जास्तच वाजवत घासली.

ओरड म्हणे. या बाईच्या मनात काय चालतं ते चव्वेचाळीस वर्षांत मला कळलेलं नाही. मंगळवारी मी प्रॉव्हिडन्सला जुनं इंजिन बघायला जातोय असं सांगून ठेवलंय.

१० जून, मंगळवार

आज सगळं नीट क्रमानं लिहिणार आहे. हात थरथरतोय आणि मला त्याचं काहीही वाटत नाहीये.

सकाळी निघताना देओलिंडानं स्वेटर हातात दिला. म्हणाली, “घेऊन जा, तिथे फार गार ठेवतात.” जुन्या इंजिनांच्या गोदामात कोण गार ठेवणार? पण वाद घातला नाही, आणि डॉक्टरीणबाईंच्या त्या बर्फाच्या खोलीत स्वेटर कामी आला.

डॉ. हॅलोरन म्हणजे चाळिशीची, उंच, मोठमोठ्यानं बोलणारी बाई. तिनं मला चालायला लावलं, वळायला लावलं, बोटं आपटायला लावली, मागून खांदे ओढून बघितले. कपात पाणी ओतून घेतलं, वर्तुळं काढून घेतली. मनगट हलवून बघितलं. घरात आणखी कोणाचे हात थरथरायचे का, म्हणाली. मी बाबांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, आणि आईचे? मी नाही म्हणणार होतो. मग आईची कपबशी आठवली. आई चहा घेऊन आली की बशीत कप किणकिणायचा, आम्ही पोरं लांबूनच ओळखायचो. मला ते आईचं चालणं वाटायचं.

बाई म्हणाली, “मिस्टर रेझेंडिस, हा पार्किन्सन नाही. तुमचे हात काही करायला गेलं की थरथरतात, मांडीवर ठेवले की गप्प बसतात. तुमच्या वडलांचं उलटं असणार. हा घराण्यातून येणारा साधा कंप आहे. त्रास देईल, जीव घेणार नाही. हा तुम्हाला आईकडून आलाय.”

 मग वाटलं, आता एवढं आलोच आहोत तर बाकीचंही सांगून टाकावं. म्हटलं, हाताचं ठीक आहे, पण माझं डोकं गेलंय. मी मेलेल्या भावासाठी लीडर बांधतो. खिळे, माप, वही, नवं रीळ, सगळं सांगितलं. सांगताना रडलो. कारखाना बंद पडला तेव्हाही मी रडलो नव्हतो.

तिनं पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितले. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग शब्द विचारले. लिंबू, चावी, घोडा, खिडकी, दोरा. अजूनही आठवतायत. तिनं माझी वही मागून पंचवीस मेचं पान वाचलं, सही बघून हसली आणि म्हणाली, “तुम्ही सांगताय की तुम्ही पेटीत वाईट गाठी ठेवता आणि पेटीतून चांगल्या गाठी बाहेर येतात. या हातांनी त्या चांगल्या गाठी होणार नाहीत. घरी आणखी कोण असतं?”

मी म्हटलं, बायको.

“तिला गाठी येतात?”

मी म्हटलं, छे, ती तर पडद्यांच्या कारखान्यात शिवायला होती. तीस वर्षं. न बघता सुईत दोरा ओवायची.

बाईनं पेन खाली ठेवलं. मग मी लिहिलेला फॉर्म माझ्या हातात परत दिला. म्हणाली, “पुढच्या खेपेला हा नव्यानं भरून आणा. यातली दोन उत्तरं मला पटलेली नाहीत.”

परतताना पूल ओलांडला आणि गाडी कडेला घेतली. वळलेलं टोक बोटांत धरून बघणारी देओलिंडा. नेलपॉलिश. अंगठ्याची पट्टी. स्वेटर. मी एवढा गाढव आहे हे मला माहीत होतं, पण गाढव असण्यात इतका आनंद असतो हे माहीत नव्हतं. गाडीत बसून एकटाच हसलो. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्यानं बघितलं.

घरी ती ओट्यापाशी कांदा चिरत होती. मी पेटी टेबलावर ठेवली आणि त्यातून लांबलचक लीडर काढून तिच्यासमोर धरला. ती सुरी खाली ठेवून म्हणाली, “आलास एकदाचा. तीन आठवडे वाट बघतेय.”

“कसली?”

“तू ओरडायची. मला वाटलं, पहिल्याच दिवशी बघशील, बोट वळवून घरी येशील आणि माझ्या नावानं शंख करशील. मग मी तुला सुनावणार होते. सगळं पाठ करून ठेवलं होतं. तू आलास ते हात कापून घेऊन, आणि म्हणे काही नाही, नेहमीचंच.”

मी म्हटलं, अगं, मला वाटलं मी अदेलिनोसाठी बांधतोय. मला वाटलं बाबांसारखं झालं.

तिचा चेहरा असा उतरला की मला ते बोललो याचं वाईट वाटलं. ती खुर्चीत बसली. बाबांच्या कपाबद्दल आम्ही कधीच बोललो नव्हतो, आज बोललो. ती माझा तो कापलेला हात धरून बराच वेळ रडली आणि मध्ये मध्ये मला शिव्या दिल्या. फॉर्म तिनं मे महिन्यातच वाचला होता. जिला सूपच्या भांड्यातला एक घास कमी झालेला कळतो, तिला पेटीतला खालचा कप्पा कळणार नाही असं मला का वाटलं, देव जाणे. गाठी सुटतात हे बघून तिनं आधी फक्त गाठी बदलायच्या ठरवल्या होत्या. नायलॉन कापून, पुन्हा बांधून, वर नेलपॉलिशचा थेंब. ही युक्ती तिला चेटनं सांगितली. रीळही तिनंच आणलं. चेटला सगळं माहीत होतं आणि तो मेला माझी चेष्टा करत होता.

“गाठी बदलल्यास ते समजलं,” मी म्हटलं, “पण माप का बदललंस?”

“तो जवळचा खिळा मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही,” ती म्हणाली. “भावाला पुरून आलास आणि हातोडी घेऊन थेट गॅरेजमध्ये. मी दारात उभी होते. तू विचारलंस का एकदा तरी, कोणी येतंय का म्हणून? पंधरा फुटी लीडर एकट्याला आवरत नाही, हे मला तीस वर्षं ऐकून पाठ झालंय. म्हटलं, बघू तरी हा कोणाला हाक मारतो.”

मी म्हटलं, तुला बोट लागते ना.

ती म्हणाली, “एकदा उलटी झाली मला बोटीत. सत्त्याऐंशी साली. तेव्हा पोटात क्लारिस होती, म्हाताऱ्या.”

कांदा तसाच राहिला. बाहेरून पिझ्झा मागवला.

१४ जून, शनिवार

सहा वाजता निघालो. देओलिंडानं गोड पाव, कॉफीचा थर्मास, दोन उशा आणि क्लारिसच्या लहानपणची केशरी शिट्टी घेतली. शिट्टी कशाला विचारलं तर म्हणाली, बुडायला लागलो तर वाजवायला. बोट सोळा फुटांची. उशांसाठी जागा नव्हती, तरी झाली.

लीडर तिनं बांधलेला, दूरच्या खिळ्याचा. किडा गळाला लावायला मात्र साफ नकार. ते काम थरथरत्या हातानंही होतं, उलट किडा जास्त जिवंत दिसतो. खडकांच्या कडेनं दोन फेऱ्या झाल्या, काहीच नाही. तिसऱ्या फेरीला ती अदेलिनोसारखीच मला सांगायला लागली, की जरा हळू चालव, जरा आत घे. मी म्हटलं, तुला काय कळतं? ती म्हणाली, “तीस वर्षं रात्रीच्या जेवणाला तुम्ही दोघं दुसरं काय बोलत होतात?” मी हळू केली, आत घेतली.

आणि काठी वाकली.

मी रीळ फिरवत राहिलो. दोरीचे रंग एकामागून एक आत आले, हात हवा तेवढा थरथरला, पण रीळ फिरवायला काही नाजूकपणा लागत नाही. फिरकी टोकाला अडकली. मी तोंड उघडायच्या आत तिनं बागकामाचा हातमोजा चढवून लीडर धरला होता. कुठेही हिसका नाही. हात बदलत, दोरी पायाशी नीट सोडत, कापड मशीनखालून सरकवावं तसा तिनं तो मासा बोटीशी आणला. मी जाळी खाली घातली. दुसऱ्या खेपेला आत आला.

माशाला टेप लावली. साडेबत्तीस इंच. कायदा अठ्ठावीस ते एकतीसचा, त्याबाहेरचा मासा सोडून द्यायचा. देओलिंडा म्हणाली, शेपटी जरा दुमडून मोज. दुमडून मोजली तरी एकतीसच्या वरच. तिनं त्याच्यासाठी लिंबू आणलं होतं. तिनंच त्याला शेपटीला धरून पाण्यात मागे-पुढे हलवलं आणि तो जोर करायला लागल्यावर सोडलं. तोंडावर पाणी उडालं तर मोठ्यानं हसली. मी इतके दिवस तिला घरी का ठेवलं होतं?

एकही मासा घरी आला नाही. परतल्यावर लिंग्विसा तळली आणि त्यावर लिंबू पिळलं. मी दोनदा वाढून घेतली. रात्री नऊलाच झोप आली, आणि मे महिन्यापासून पहिल्यांदा मध्ये जाग आली नाही.

१५ जून, रविवार

हात: सकाळी, कॉफी. आता कप अर्धाच भरतो, म्हणजे सांडायला काही राहत नाही. बाईंनी गोळ्या दिल्यात, गुण आला तर आला.

जेवणानंतर गॅरेजमध्ये गेलो तर जवळच्या खिळ्याला देओलिंडानं तिची उन्हाची टोपी अडकवलेली. मी तो खिळा काढायलाच पक्कड घेऊन गेलो होतो. राहू दिला.

मग फॉर्म काढला. ‘थरथरीमुळे कोणती कामं सोडावी लागली?’ तिथलं खोडून लिहिलं: गाठी बांधणं, दुसऱ्या कोणाला जास्त चांगल्या येतात. ‘घरी मदतीला कोणी आहे का?’ तिथलं ‘लागत नाही’ दोन रेघा मारून खोडलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण बाईंना वाचता येईल.

आहे. बोटीत पुढे बसते.